जेडीके बसवला तरी ‘जावासी’ सापडत नाही? विंडोज, मॅक आणि उबुंटूसाठी क्रमवार पद्धत

इन्स्टॉलरने ‘फिनिश’ दाखवलं की जेडीके, म्हणजे जावाचे प्रोग्रॅम तयार करण्याचा आणि चालवण्याचा संच, बसला असं समजून बहुतेक जण लगेच प्रोग्रॅम लिहायला घेतात आणि पहिल्याच आज्ञेला अडतात. कुणाला ‘जावासी’ ही प्रोग्रॅम कंपाइल करणारी आज्ञाच ओळखता येत नाही असं उत्तर मिळतं. कुणी २१ बसवलेला असतो, पण टर्मिनल आवृत्ती ८ दाखवतं. कुणाचं टर्मिनलमध्ये सगळं नीट चालतं, पण मेव्हन हे बिल्डचं, म्हणजे सगळा प्रोजेक्ट एकत्र बांधण्याचं साधन मात्र जुन्याच जावावर बिल्ड करत राहतं. तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. जेडीकेच्या फाइली डिस्कवर आल्या, एवढंच काम झालेलं असतं. टर्मिनल, बिल्डची साधनं आणि एडिटर या तिघांना तोच जेडीके सापडेल अशी सोय करायची राहून गेलेली असते.

म्हणून इथे इन्स्टॉलरच्या खिडक्यांपेक्षा आधीच्या तयारीवर आणि नंतरच्या तपासणीवर जास्त भर आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. चौथा टप्पा तीन भागांत आहे, त्यातला तुमच्या सिस्टीमचा तेवढा वाचा.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल एक सूचना: आज्ञा आणि फोल्डरांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन अक्षरांत आणि रोमन अंकांत टाइप करायची. आज्ञा लहान लिपीत असतात. ‘जावासी’ म्हणजे ‘जावा’ला जोडून ‘सी’ हे अक्षर, मध्ये जागा नाही. ‘जावा_होम’ हे व्हेरिएबल (जेडीकेच्या फोल्डरचा पत्ता साठवणारं नाव) मात्र संपूर्ण मोठ्या लिपीत, मधे अंडरस्कोर.

## टप्पा १: मशीनवर आधीपासून काय आहे ते पाहा

हाच टप्पा सगळ्यात जास्त वगळला जातो, आणि पुढची बरीचशी डोकेदुखी इथूनच सुरू होते. टर्मिनल किंवा कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि दोन आज्ञा वेगवेगळ्या द्या: ‘जावा -व्हर्जन’ आणि ‘जावासी -व्हर्जन’. डॅश एकच द्या. दोन डॅशचा प्रकार आवृत्ती ९ पासून आला, त्यामुळे जुना जावा असेल तर तो नुसती चूक दाखवेल आणि तुमची दिशाभूल होईल.

उत्तर चार प्रकारचं येऊ शकतं.

१. दोन्ही आज्ञा सापडत नाहीत. पाटी कोरी आहे, पुढच्या टप्प्याला लागा.

२. ‘जावा’ सापडतो, ‘जावासी’ सापडत नाही. म्हणजे मशीनवर फक्त प्रोग्रॅम चालवणारा भाग, जेआरई आहे. प्रोग्रॅम तयार करणारा कंपायलर त्यात नसतो. जेडीके बसवावाच लागेल.

३. दोन्ही सापडतात आणि आवृत्ती हवी तीच आहे. मग नवीन काही बसवू नका. थेट टप्पा ५ वर जा.

४. दोन्ही सापडतात, पण आवृत्ती वेगळी आहे किंवा दोघांच्या आवृत्त्या एकमेकींशी जुळत नाहीत. ही सगळ्यात गुंतागुंतीची स्थिती. मशीनवर दोन जावा आहेत आणि एक आज्ञा एकाकडे, दुसरी दुसऱ्याकडे जाते आहे.

आवृत्ती ‘१.८’ अशी दिसली तर ती ८ समजा. तेव्हा क्रमांक लिहिण्याची पद्धत तशी होती.

आता तो जावा नेमका कुठे आहे हेही कागदावर टिपून ठेवा. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘व्हेअर जावा’, मॅक आणि उबुंटूवर ‘व्हिच -ए जावा’. विंडोजची ही आज्ञा सापडलेले सगळे पत्ते क्रमाने दाखवते. सर्वांत वरचा पत्ता जिंकतो.

सावधान: पॉवरशेल या विंडोजच्या दुसऱ्या आज्ञा-खिडकीत नुसतं ‘व्हेअर’ दिलं तर काहीच दिसत नाही, कारण तिथे त्या शब्दाचं काम वेगळं आहे. तिथे ‘व्हेअर.ईएक्सई जावा’ असं पूर्ण लिहा.

सावधान: जुना जावा दिसला म्हणून लगेच काढून टाकू नका. आपल्याकडे कार्यालयांतल्या अनेक संगणकांवर आवृत्ती ८ मुद्दाम ठेवलेली असते, कारण ई-निविदा भरताना डिजिटल सही करण्याच्या सोयीला जावा लागत आला आहे. घरच्यांचा किंवा ऑफिसचा संगणक असेल तर आधी विचारा. एका मशीनवर दोन-तीन जावा सुखाने नांदू शकतात. कुणाचा पत्ता आधी येतो, एवढंच सांभाळायचं.

## टप्पा २: कोणती आवृत्ती, कुणाची बांधणी

‘सगळ्यात नवी तीच चांगली’ हा नियम इथे लागू होत नाही. जावाची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि त्यातल्या बहुतेकांना अपडेट्स थोडेच दिवस मिळतात. दीर्घ मुदतीचा आधार असलेल्या आवृत्त्या म्हणजे ८, ११, १७, २१ आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आलेली २५. निवड यांतूनच करा.

ती करताना हा क्रम ठेवा. प्रोजेक्टच्या किंवा कोर्सच्या सूचनेत आवृत्ती दिलेली असेल तर तीच, प्रश्नच नाही. दिलेली नसेल तर फ्रेमवर्कची अट पाहा: स्प्रिंग बूट ३ ला किमान १७ लागते, अँड्रॉइडच्या ग्रेडल (हेही बिल्डचं साधन) प्लगइनच्या ८ पासूनच्या आवृत्त्यांनाही १७. कसलीच अट नसेल आणि शिकायचंच असेल तर २१ घ्या. पुढची सगळी उदाहरणं २१ धरूनच दिली आहेत.

आता बांधणी. जावाचा मूळ कोड ओपनजेडीके या मुक्त प्रकल्पाचा आहे आणि त्यावरून अनेक संस्था तयार पॅकेज बांधून देतात: एक्लिप्स ॲडॉप्टियमचं टेमुरिन, ॲमेझॉनचं कोरेटो, अझूलचं झुलू, मायक्रोसॉफ्टचं आणि अर्थात ऑरेकलचं स्वतःचं. शिकणाऱ्याला यांत काही फरक जाणवणार नाही. कंपनीच्या कामासाठी मात्र परवाना वाचा. ऑरेकलच्या जेडीके १७ च्या सप्टेंबर २०२४ नंतरच्या अपडेट्सना आधीचा मोफत परवाना लागू नाही. हा विचारच नको असेल तर टेमुरिन घ्या. माझा सल्ला तोच आहे, कारण विंडोज आणि मॅकवर त्याची पद्धत जवळपास सारखी आहे आणि विंडोजचा इन्स्टॉलर सांगितलं तर हवी ती व्हेरिएबल्स स्वतः भरून देतो.

## टप्पा ३: आपल्या प्रोसेसरची फाइल घ्या

डाउनलोडच्या पानावर एकाच आवृत्तीच्या डझनभर फाइली असतात. निवडताना तीन गोष्टी जुळवा.

- जेडीके की जेआरई: जेडीके. ॲडॉप्टियमच्या पानावर दोन्ही शेजारीशेजारी असतात आणि जेआरईची फाइल लहान असल्यामुळे ‘हीच घेऊ’ असा मोह होतो.
- प्रोसेसर: विंडोजवर सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट इथे पाहा. बहुतेक लॅपटॉपना ‘एक्स६४’ लागते. मॅकवर सफरचंदाच्या मेन्यूतलं ‘अबाउट धिस मॅक’ उघडा. चिपचं नाव एम१, एम२ असं एमने सुरू होत असेल तर ‘ए-आर्च६४’, इंटेल असेल तर ‘एक्स६४’. एम चिपवर इंटेलची फाइल ॲपलच्या रोझेटा या भाषांतर करणाऱ्या सोयीच्या मदतीने चालते खरी, पण संथ चालते आणि मूळ कारण कधी लक्षातही येत नाही.
- फाइलचा प्रकार: विंडोजवर एमएसआय, मॅकवर पीकेजी. झिप किंवा टार फाइल फक्त इन्स्टॉल करायचा अधिकार नसेल तेव्हाच. उबुंटूवाल्यांनी काहीच डाउनलोड करायचं नाही, तिथे टप्पा ४ (इ) मधल्या आज्ञेने उबुंटूचं स्वतःचं पॅकेज येतं.

तपासा: नेट मध्येच तुटत असेल तर फाइल अर्धवट उतरते आणि इन्स्टॉलर भलतीच चूक सांगतो. डाउनलोडच्या पानावर दिलेला एसएचए२५६ आकडा (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) फाइलशी ताडून पाहा. विंडोजवर ‘सर्टयूटिल -हॅशफाइल’, मग फाइलचं नाव, मग ‘एसएचए२५६’. मॅकवर ‘शासम -ए २५६’ आणि फाइलचं नाव.

## टप्पा ४ (अ): विंडोज

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून हा भाग सावकाश करा.

१. इन्स्टॉलर चालवा, पण ‘नेक्स्ट’वर धडाधड क्लिक करू नका. टेमुरिनच्या इन्स्टॉलरमध्ये घटक निवडायची एक खिडकी येते. ‘ॲड टू पाथ’ आधीपासून निवडलेलं असतं; ‘पाथ’ म्हणजे आज्ञा कोणत्या फोल्डरांत शोधायच्या त्यांची यादी. ‘जावा_होम’ व्हेरिएबल भरण्याचा पर्याय मात्र सहसा लाल फुलीने बंद असतो. त्या फुलीवर क्लिक करून तो घटक हार्ड डिस्कवर बसवण्याचा पर्याय निवडा. ही एक क्लिक केली तर पुढचं दुसरं आणि तिसरं पाऊल फक्त तपासणीपुरतं उरतं.

२. फोल्डर बघून घ्या. टेमुरिन सी ड्राइव्हवर ‘प्रोग्राम फाइल्स’मधल्या ‘एक्लिप्स ॲडॉप्टियम’ या फोल्डरात बसतं. आत ‘जेडीके-२१’ने सुरू होणारा एक फोल्डर असतो आणि त्याच्या आत ‘बिन’, ‘लिब’, ‘कॉन्फ’ वगैरे. ‘बिन’ उघडा. तिथे ‘जावासी.ईएक्सई’ दिसलीच पाहिजे. नसेल तर तुम्ही जेआरई बसवला आहे, टप्पा ३ ला परत जा.

३. व्हेरिएबल्स तपासा, नसतील तर भरा. स्टार्टमध्ये ‘एन्व्हायर्नमेंट’ टाइप करा आणि ‘एडिट द सिस्टीम एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स’ उघडा. खालचं ‘एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स’ बटण दाबल्यावर दोन याद्या दिसतात: वरची तुमच्या खात्याची, खालची संपूर्ण सिस्टीमची. काम खालच्या यादीत करा.

‘जावा_होम’ नसेल तर ‘न्यू’ दाबून तयार करा. किंमत म्हणून ‘जेडीके-२१’चा जो फोल्डर आत्ता पाहिला त्याचा पूर्ण पत्ता द्या. पत्ता हाताने टाइप करू नका, एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीतून कॉपी करा.

त्यानंतर ‘पाथ’ निवडून ‘एडिट’ दाबा. इन्स्टॉलरने भरलेली जेडीकेच्या ‘बिन’ फोल्डरची ओळ दिसते का पाहा. नसेल तर ‘न्यू’ दाबून ‘%जावा_होम%\बिन’ अशी ओळ घाला. दोन्ही बाबतींत ‘मूव्ह अप’ने ती अगदी वर न्या.

या पावलावर वारंवार होणाऱ्या चुका:

- ‘जावा_होम’च्या किंमतीत शेवटी ‘\बिन’ लावणं. ही चूक फार सर्रास आहे. ‘पाथ’ची ओळ इन्स्टॉलरने भरलेली असेल तर टर्मिनलमध्ये त्याने काही बिघडलेलं दिसत नाही, पण मेव्हन लगेच ‘जावा_होम बरोबर नाही’ म्हणतं. ‘बिन’ फक्त ‘पाथ’मध्ये.
- पत्त्याभोवती अवतरणचिन्हं किंवा शेवटी अर्धविराम लावणं. पत्त्यात मोकळी जागा असली तरी दोन्हींची इथे गरज नाही.
- ‘पाथ’मध्ये ‘न्यू’ ओळ घालण्याऐवजी आधीची ओळ पुसून तिथे लिहिणं. यामुळे दुसरेच प्रोग्रॅम बंद पडतात.
- ‘सेटएक्स’ या आज्ञेने ‘पाथ’ बदलणं. ही आज्ञा १०२४ अक्षरांपुढचा मजकूर कापून टाकते आणि कापलेला ‘पाथ’ परत मिळत नाही. यूट्यूबवर ही युक्ती अजूनही सांगितली जाते. वापरू नका.

४. जुना जावा पुढे उभा आहे का पाहा. ऑरेकलचा इन्स्टॉलर ‘पाथ’मध्ये ‘जावापाथ’ने संपणारी स्वतःची एक ओळ घालतो, आणि ती बहुधा सर्वांत वर असते. २१ बसवूनही ८ दिसण्याचं नेहमीचं कारण हेच. ती ओळ पुसायची गरज नाही, ‘मूव्ह डाउन’ने तुमच्या ओळीच्या खाली न्या.

विंडोज आधी सिस्टीमचा ‘पाथ’ वाचतं आणि त्यानंतर तुमच्या खात्याचा. म्हणून वरच्या यादीत, म्हणजे आपल्या खात्यात, कितीही बरोबर ओळ घातली तरी खालच्या यादीतला जुना जावा आधी सापडतो. काम खालच्या यादीत करा असं म्हटलं ते यासाठीच.

५. उघडी असलेली प्रत्येक काळी खिडकी बंद करा. चालू टर्मिनलला नवी व्हेरिएबल्स दिसत नाहीत. व्हीएस कोड हा एडिटर उघडा असेल तर त्यात नुसतं नवं टर्मिनल उघडून भागत नाही, संपूर्ण व्हीएस कोड बंद करून पुन्हा सुरू करावं लागतं.

तपासा: नव्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एको %जावा_होम%’ द्या. पत्ता दिसला पाहिजे. आज्ञा जशीच्या तशी परत छापली गेली तर एकतर व्हेरिएबल भरलेलंच नाही, किंवा तुम्ही पॉवरशेलमध्ये आहात. पॉवरशेलमध्ये ‘$एन्व्ह:जावा_होम’ असं लिहावं लागतं.

### कॉलेजच्या लॅबमध्ये ॲडमिनचा अधिकार नसेल तर

इंजिनिअरिंग आणि बीएस्सीच्या लॅबमध्ये हीच अडचण असते. जेडीकेची झिप फाइल घ्या आणि डी ड्राइव्हवर किंवा आपल्या फोल्डरात उघडा. उघडल्यावर फोल्डरच्या आत तोच फोल्डर असा प्रकार अनेकदा होतो, तेव्हा ‘बिन’ ज्याच्या थेट आत आहे तोच पत्ता धरा.

सिस्टीमचा ‘पाथ’ बदलता येत नसल्यामुळे नोटपॅडमध्ये एक छोटी बॅच फाइल करा. पहिली ओळ: ‘सेट जावा_होम=’ आणि पुढे तुमच्या फोल्डरचा पत्ता. बरोबरच्या चिन्हाच्या कोणत्याही बाजूला मोकळी जागा नको. दुसरी ओळ: ‘सेट पाथ=%जावा_होम%\बिन;%पाथ%’. इथे अर्धविराम लागतो. कमांड प्रॉम्प्ट उघडून ही फाइल चालवा. बदल त्या खिडकीपुरताच राहतो, त्यामुळे लॅबच्या मशीनचं काही बिघडत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा एकदा चालवली की झालं.

## टप्पा ४ (आ): मॅक

मॅकवर आज्ञा देताच ‘अनेबल टू लोकेट अ जावा रनटाइम’ असा संदेश आला तर गोंधळू नका. सिस्टीममध्ये ‘जावा’ नावाची एक पोकळ फाइल आधीपासून असते. तिचं काम खरा जावा शोधून त्याच्याकडे पाठवणं एवढंच, आणि खरा जावा अजून बसलेला नाही, इतकाच त्या संदेशाचा अर्थ.

१. पीकेजी फाइल चालवा. होमब्रू हे आज्ञेने प्रोग्रॅम बसवणारं साधन वापरत असाल तर ‘ब्रू इन्स्टॉल --कास्क टेमुरिन@२१’.

सावधान: ‘ब्रू इन्स्टॉल ओपनजेडीके@२१’ हा प्रकार वेगळा आहे. तो होमब्रूच्या स्वतःच्या फोल्डरात बसतो आणि ती पोकळ फाइल तिथे शोधत नाही. इन्स्टॉल संपल्यावर एक जोडदुवा तयार करायची सूचना पडद्यावर येते. ती वरवर वाचून सोडणाऱ्यांना मग जावा ‘बसूनही बसलेला नाही’ असा अनुभव येतो. वरच्या ‘--कास्क’ प्रकारात ही भानगड नाही.

२. काय काय बसलं आहे ते पाहा: ‘/यूएसआर/लिबएक्झेक/जावा_होम -व्ही’. इथे हे नाव लहान लिपीतलं आहे, कारण ती आज्ञा आहे, व्हेरिएबल नाही. ‘-व्ही’ मात्र मोठ्या लिपीत. मशीनवरच्या सगळ्या जावांची यादी पत्त्यांसकट येते. प्रत्येकापुढे प्रोसेसरचा प्रकारही लिहिलेला असतो. एम चिपच्या मॅकवर तिथे ‘एआरएम६४’ हवं.

३. होम फोल्डरमधल्या ‘.झेडएसएचआरसी’ फाइलच्या शेवटी ही ओळ घाला: ‘एक्स्पोर्ट जावा_होम=$(/यूएसआर/लिबएक्झेक/जावा_होम -व्ही २१)’. बरोबरच्या चिन्हाआधीचं नाव मोठ्या लिपीत, कंसातलं लहान लिपीत, आणि या वेळी ‘-व्ही’सुद्धा लहान. मोठा ‘व्ही’ यादी देतो, लहान ‘व्ही’ एका आवृत्तीचा पत्ता देतो.

२०१९ च्या कॅटालिनापासून मॅकचं मूळ शेल (टर्मिनलमधल्या आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम) झेडशेल आहे. त्याआधीचे लेख ‘.बॅश_प्रोफाइल’मध्ये लिहायला सांगतात. तिथे लिहिलेलं झेडशेल वाचतच नाही.

४. नवी खिडकी उघडा. ‘पाथ’ला हात लावायची गरज नाही, कारण ती पोकळ फाइल ‘जावा_होम’ बघूनच पुढे जाते. आवृत्ती बदलायची झाली तर वरच्या ओळीतला आकडा बदलायचा, बस.

## टप्पा ४ (इ): उबुंटू, आणि थोडं फेडोराबद्दल

१. ‘सुडो एपीटी अपडेट’. हे टाळलं तर पॅकेज सापडत नाही म्हणून संदेश येऊ शकतो.

२. ‘सुडो एपीटी इन्स्टॉल ओपनजेडीके-२१-जेडीके’. नावाचा शेवट ‘जेडीके’ने व्हायला हवा. ‘ओपनजेडीके-२१-जेआरई’ हेही पॅकेज आहे आणि नावाची सुरुवात सारखीच असल्यामुळे घाईत तेच निवडलं जातं. ‘डिफॉल्ट-जेडीके’सुद्धा टाळा: उबुंटू २२.०४ वर ते ११ देतं, २४.०४ वर २१. फेडोरा घराण्यात नाव ‘जावा-२१-ओपनजेडीके-डेव्हल’. शेवटचा ‘डेव्हल’ गाळलात तर कंपायलर येत नाही.

३. आधीचा जावा असेल तर ‘सुडो अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज --कॉन्फिग जावा’ देऊन यादीतून २१ निवडा. मग शेवटचा शब्द बदलून हीच आज्ञा ‘जावासी’साठी पुन्हा द्या. दुसरी आज्ञा राहून गेली की कंपायलर एका आवृत्तीचा आणि चालवणारा दुसऱ्या आवृत्तीचा अशी टप्पा १ मधली चौथी स्थिती तयार होते.

४. ‘रीडलिंक -एफ’पुढे ‘व्हिच जावासी’चं उत्तर देऊन खरा पत्ता काढा. तो ‘/यूएसआर/लिब/जेव्हीएम’च्या आत असतो. शेवटचं ‘/बिन/जावासी’ वगळून उरलेला पत्ता ‘.बॅशआरसी’मध्ये ‘एक्स्पोर्ट जावा_होम=’पुढे लिहा.

सावधान: ‘/ईटीसी/एन्व्हायर्नमेंट’ ही फाइल शेलची नाही. तिथे ‘एक्स्पोर्ट’ची गरज नाही आणि डॉलरचं चिन्ह उलगडलं जात नाही. तिथला ‘पाथ’ बिघडवला तर साध्या आज्ञाही सापडेनाशा होतात.

विंडोजमध्ये डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय, वापरणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की विंडोजवर बसवलेला जेडीके डब्ल्यूएसएलच्या उपयोगाचा नाही. आत उबुंटूप्रमाणे वेगळा बसवा.

## टप्पा ५: खरी चाचणी

आवृत्ती बरोबर दिसणं पुरेसं नाही. एक लहान प्रोग्रॅम कंपाइल होऊन चालला पाहिजे.

१. नवा रिकामा फोल्डर करा आणि त्यात ‘चाचणी’ अर्थाची ‘टेस्ट.जावा’ ही फाइल तयार करा. ‘टेस्ट’चा टी मोठा. आत त्याच नावाचा क्लास आणि एक ओळ छापणारी मेन मेथड.

२. टर्मिनलमध्ये त्या फोल्डरात जाऊन ‘जावासी टेस्ट.जावा’ द्या. काहीही छापलं गेलं नाही तर उत्तम. फोल्डरात ‘टेस्ट.क्लास’ आली का पाहा.

३. आता ‘जावा टेस्ट’. इथे ‘.क्लास’ लावायचं नाही. लावलं तर मुख्य क्लास सापडत नाही अशी चूक येते आणि इन्स्टॉलेशनच बिघडलं असं वाटतं.

फाइलच सापडत नाही असं विंडोज म्हणत असेल तर एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मधून फाइलींची पूर्ण नावं दाखवायला सांगा. नोटपॅडने तिचं नाव ‘टेस्ट.जावा.टीएक्सटी’ करून ठेवलेलं असण्याची दाट शक्यता आहे.

‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर’ आली तर संदेशातले आकडे वाचा: ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. ‘६५ ची फाइल आहे, मला ५२ पर्यंतच वाचता येतात’ असा अर्थ निघाला तर कंपायलर २१ चा आणि चालवणारा ८ चा आहे. पुन्हा इन्स्टॉल करून हे सुटणार नाही. ‘पाथ’चा क्रम किंवा अल्टरनेटिव्ह्जची निवड सुधारा.

### मराठी अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं दिसली तर

प्रोग्रॅममध्ये ‘नमस्कार’ लिहिलं आणि विंडोजवर प्रश्नचिन्हं उमटली, हा अनुभव आपल्याकडे पुष्कळांना येतो. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली, कंपायलरने फाइल कोणत्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं आकड्यांत साठवण्याच्या पद्धतीत) वाचली. आवृत्ती १८ पासून मूळ निवड यूटीएफ-८ आहे. १७ किंवा त्याआधीच्या आवृत्तीत ती सिस्टीमवर अवलंबून असते, म्हणून ‘जावासी -एन्कोडिंग यूटीएफ-८ टेस्ट.जावा’ असं सांगावं लागतं. दुसरी, काळ्या खिडकीने अक्षरं कशी दाखवली. २१ असला तरी बाहेर छापताना जावा त्या खिडकीचं एन्कोडिंग घेतो. आधी ‘सीएचसीपी ६५००१’ द्या आणि मग प्रोग्रॅम चालवा. एवढ्याने भागलं नाही तर ‘जावा’ या शब्दानंतर ‘-डीस्टडआउट.एन्कोडिंग=यूटीएफ-८’ जोडा, त्यातला ‘डी’ मोठा. जोडाक्षरं तुटक दिसली तर तो खिडकीच्या फॉन्टचा प्रश्न आहे. प्रोग्रॅम बरोबर आहे.

## टप्पा ६: मेव्हन, ग्रेडल आणि एडिटर

टर्मिनलचं जमलं म्हणून या मंडळींचं जमलं असं नाही. प्रत्येकाची शोधण्याची जागा वेगळी आहे.

मेव्हन ‘जावा_होम’ पाहतं. ‘एमव्हीएन -व्हर्जन’ दिल्यावर ते कोणत्या जावावर चालतंय हे पत्त्यासह छापतं. ‘रिलीज व्हर्जन २१ नॉट सपोर्टेड’ ही चूक आली तर प्रोजेक्टच्या ‘पोम’ या मेव्हनच्या सेटिंग फाइलमध्ये २१ मागितलंय आणि ‘जावा_होम’ जुन्याकडे बोट दाखवतंय. ‘पोम’मधला आकडा कमी करून चूक झाकू नका, ‘जावा_होम’ सुधारा. ग्रेडलसाठी ‘ग्रेडल -व्हर्जन’ने हेच तपासता येतं.

इंटेलिजे प्रत्येक प्रोजेक्टसाठी जेडीके वेगळा लक्षात ठेवतं. ‘प्रोजेक्ट स्ट्रक्चर’मध्ये ‘एसडीके’पुढे काय आहे ते पाहा. अँड्रॉइड स्टुडिओ स्वतःचा जेडीके सोबत घेऊनच येतो. फक्त अँड्रॉइड शिकायचं असेल तर वरचं काहीच करायची गरज नाही, आणि टर्मिनलमधून बिल्ड करायचं असेल तेव्हाच ‘जावा_होम’ लागतो. मॅकवर डॉकमधून उघडलेल्या ॲपला ‘.झेडएसएचआरसी’मधली ओळ दिसेलच असं नाही, म्हणून एडिटरच्या सेटिंगमध्ये पत्ता थेट दिलेला बरा.

## टप्पा ७: अपडेट आल्यावर

जेडीकेचे सुरक्षा अपडेट्स जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये येतात. उबुंटूवर ते नेहमीच्या ‘एपीटी अपग्रेड’बरोबर येतात आणि पत्ता तोच राहतो. मॅकवर नवी पीकेजी चालवली की जुन्याच जागी नवा बसतो.

विंडोजवर मात्र फोल्डरच्या नावातच अपडेटचा पूर्ण क्रमांक असतो. नवा टेमुरिन बसताना जुना फोल्डर जातो. ‘जावा_होम’ इन्स्टॉलरकडून भरून घेतला असेल तर तो नव्या पत्त्यावर जातो. हाताने भरला असेल तर तो नाहीशा झालेल्या फोल्डरकडे पाहत राहतो, आणि काल चालणारा प्रोजेक्ट आज चालत नाही. म्हणून अपडेटनंतर ‘एको %जावा_होम%’ आणि ‘एमव्हीएन -व्हर्जन’ या दोन आज्ञा पुन्हा द्या. पत्ता जुना दिसला तर टप्पा ४ (अ) मधलं तिसरं आणि पाचवं पाऊल पुन्हा करा.